आखाजीची कॅसेट आणि दोन टॉवर

निवृत्तीनंतर मी जे खूळ डोक्यात घेतलं, त्याला बायको सवत म्हणते. एक नाही, दोन सवती. छातीएवढ्या उंच, अक्रोडी रंगाच्या, पिंप्राळ्यातल्या आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या दोन्ही बाजूंना उभ्या. एवढ्या पैशात गाडी आली असती, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. आली असती. पण गाडीत बसून मी जाणार कुठे?

मी मुळातच किरकिऱ्या. उभा जन्म वीज खात्यात गेला. ट्रान्सफॉर्मर नुसता गुणगुणला तरी त्याचं दुखणं कळायचं. त्यामुळे हे दोन टॉवर स्पीकर आणले आणि लगेच खुश झालो, असं काही झालं नाही. तबला घुमायचा. बाईचा आवाज फरशीवरून घसरत स्वयंपाकघरात जायचा. टॉवर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, तोंडं जरा आत वळवली, आवाज कुठे घुमतो ते बघायला खोलीभर टाळ्या वाजवत फिरलो. कापडाच्या दुकानाचे एक शेटजी माझे मित्र, त्यांच्याकडेही असलीच जोडी आहे. ते आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "साहेब, स्पीकर झकास. हॉल बेकार."

मग धरणगावच्या कापसाच्या दोन जाड गाद्या भरून घेतल्या आणि सोफ्यामागे भिंतीला उभ्या लावल्या. "लोक गादीवर झोपतात, आमच्याकडे गाद्याच पहारा देतात," बायको म्हणाली. वर ऐकताना कूलर बंद. जळगावच्या मे महिन्यात भरदुपारी कूलर बंद करून बसणारा माणूस एक तर योगी, नाही तर ठार वेडा. आमच्या घरात याबद्दल दुमत नव्हतं.

गाद्या लागल्यावर आवाज जागच्या जागी उभा राहिला. शेटजींनी शेवटची परीक्षा सांगितली: जो आवाज तुम्हाला झोपेतही ओळखता येतो, तो लावून बघा. तो माणूस समोर बसल्यासारखा वाटला, तर स्पीकर पास.

असा आवाज माझ्याकडे एकच होता. अक्काचा.

अक्का माझी थोरली बहीण. धुळ्याजवळच्या आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी यायच्या, निंबाला झोके बांधायच्या आणि गौराईची गाणी म्हणायच्या. लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला अक्का आली, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. मामाचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि झोक्याशेजारी बसून तिची गाणी भरून घेतली. सण झाला, तिला सासरी पोचवलं. पुढच्या आखाजीला ती नव्हती. ताप आला आणि गेली, एवढंच तिकडून कळलं. आमच्या घरात तेव्हापासून एक वाक्य आहे. आई म्हणायची, काका म्हणायचे, मीही चाळीस वर्षं म्हणत आलो: एका शब्दाने सांगितलं असतं पोरीने, तर पाठवलीच नसती.

दर आखाजीला ती कॅसेट घरात लागायची. खरखरत, माणसांच्या गलक्यात. मुलाने ती कधीतरी पेनड्राइव्हवर घेऊन दिली होती. त्या दुपारी मी ती टॉवरवर लावली आणि डोळे मिटले.

अरे देवा! अक्का दोन टॉवरच्या बरोबर मधे, माझ्यापासून चार हातांवर होती. झोक्याचा दोर करकरत होता. कडव्याआधी ती श्वास घ्यायची, तो घेतला. मी वेड्यासारखा रडत होतो आणि वर खुशही होतो, की स्पीकर पास झाले.

दुसरं गाणं संपलं. पोरी खिदळल्या. त्या खिदळण्याखाली, अगदी हळू, अक्का म्हणाली, "भाऊ, माले परत तठे धाडू नका रे."

आणि लगेच एका पोराची कुजबुज. कॅसेटमध्ये येऊ नये म्हणून दाबलेली. "आधी गानं पुरं कर. कॅसेट सरी ऱ्हायनी." कॅसेट संपत आली होती, म्हणून.

अक्काने तिसरं गाणं सुरू केलं.

तो पोरगा मी होतो. आठवत नाही म्हणावं, तर स्वतःचा आवाज कोण नाकारणार? सात-आठ वेळा मागे घेऊन ऐकलं. गाद्या काढून ऐकलं, कूलर लावून ऐकलं. एकदा कळल्यावर ते कशातही बुडेना. चार दिवस मला जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं नाही. टॉवर विकून टाकू म्हटलं, तर ती बिचारी घाबरली आणि डॉक्टरचं नाव काढू लागली.

आई मागच्या खोलीत असते. पंच्याऐंशीच्या पुढची, पण कान शाबूत. पाचव्या दिवशी काठी टेकत हॉलमध्ये आली आणि सोफ्यावर बसली. "अक्काले लाव," म्हणाली. मी म्हटलं, आज नको, लाइट जाईल. "लाव रे."

लावलं. काय करणार? पहिलं गाणं आई मान डोलवत ऐकत होती. दुसऱ्याचं शेवटचं कडवं आलं, तसा मी रिमोट घेतला आणि आवाज खाली आणू लागलो. माझ्यासाठी नव्हे, देवाशप्पथ. या वयात तिच्या कानांवर ते पडू नये, एवढंच.

"कमी कशाले करस?" आई म्हणाली. "चार दिवस झाले, भिंतीमांगून आयकी ऱ्हायनी मी."

माझा हात तसाच राहिला. अक्का बोलली. पोरगा बोलला. तिसरं गाणं सुरू झालं, ते थांबव, असं आईनेच हाताने खुणावलं.

"माले बी सांगेल व्हतं तिनी," ती म्हणाली. "चुलापुढे. त्याच सकाळले."

ती टॉवरकडे बघत होती, तिथे कुणी बसलं असावं तशी.

"मी तिले काय सांगेल व्हतं, ते नही ना यामा?"

"नाही, आई."

"ते बी ऱ्हातं, तं बरं व्हतं," आई म्हणाली. "तू एकलाच यामा सापडी गया."