एलियाच्या उशाशी असलेलं पुस्तक

सत्यशीला कंडक्टर म्हणून माझ्या गाडीवर आली, तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. श्रीगोंदा ते नगर ही फेरी सोपी नाही. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडायचं आणि वर प्रवाशांची बोलणी खायची. ही बाई महिनाभर टिकली तरी खूप, असं मी डेपोत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं एका दारुड्याला आवाज न चढवता मांडवगणला उतरवलं, आणि मी तोंड मिटून गाडी हाकू लागलो.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. काळी ट्रंक घेतलेला, बारीक केस कापलेला कुणी फौजी गाडीत चढला, की तिकीट देता देता ती त्याची पलटण विचारायची. पलटण जुळली, की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. तुमच्या पलटणीच्या इतिहासाचं पुस्तक कुणाकडं आहे का? एकाहत्तरच्या लढाईचं, इंग्रजीतलं, नकाशे असलेलं. पोरं गोंधळायची. त्या लढाईच्या वेळी त्यांचे बापही जन्मले नव्हते. मी आरशातून बघायचो आणि उगाच हॉर्न वाजवायचो. मला वाटायचं, बाईला मिरवायची हौस आहे.

एकदा गाडी बंद पडली म्हणून तिच्या घरी चहाला थांबलो आणि माझाच मला राग आला. गावाबाहेर दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, परसात शेवग्याचं झाड आणि त्यापलीकडं कुकडीच्या कालव्याची चारी. तिचे वडील सहादूदादा दारात बसले होते. मी जयभीम घातला, त्यांनी ताठ होऊन सलाम ठोकला. दिवस कलला तसे ते काठी घेऊन उठले आणि चारीच्या दिशेनं निघाले.

"राधाकृष्णला आना रे," ते म्हणाले. "पानी चढतंय."

राधाकृष्ण कोपरगावकडचा. दोघं एकाच पलटणीत, एकाच ताटात जेवणारे. लढाईत एका नाल्याच्या काठी तो जखमी होऊन पडला आणि सहादूदादा एकटेच परत आले. त्यानंतर त्यांनी फौज सोडली, साखर कारखान्यावर रखवालदारी केली, लग्न केलं, लेकरं वाढवली आणि त्या नाल्याबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नाही. आता म्हातारपणी सगळं विसरत चालले होते. बायको वारल्याचंही त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं. नाला तेवढा राहिला होता. चारी कोरडी असली की ते काठावर उभं राहून हाका मारायचे. धरणातून आवर्तनाचं पाणी सुटलं की मात्र आत उतरायचे. मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी त्यांना छातीएवढ्या पाण्यातून ओढून काढलं होतं.

त्यांच्या एका जुन्या साहेबानं पूर्वी एका मेळाव्यात सांगितलं होतं, की राधाकृष्णला दुसऱ्या पहाटे नाल्यावरून उचलून आणलं होतं आणि हे सगळं पलटणीच्या पुस्तकात छापलेलं आहे. सहादूदादांनी तेव्हाही ते मानलं नव्हतं आणि लेक सांगायची तेव्हाही मानत नव्हते. त्यांचं एकच पालुपद असायचं: तोंडचं नगं, बुकात दाव.

म्हणून ती पुस्तक शोधत होती. नगरची जुन्या पुस्तकांची दुकानं, वाचनालयं, कॉलेजची कपाटं तिनं पालथी घातली होती. पलटणीच्या मुख्यालयाला फोन केला, तर तिथल्या माणसानं पुस्तकाचं नाव ऐकलं होतं, पण प्रत पाहिली नव्हती. मोजक्याच प्रती काढलेल्या, त्याही अधिकाऱ्यांपुरत्या. मी तिला म्हटलं, बाई, सोड हा नाद. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी नजर रस्त्यावर वळवली.

पावसाळा सरता सरता चिखली फाट्यावर एक म्हातारे हवालदार गाडीत चढले. पलटण तीच. पुस्तकाचं नाव काढताच ते सीटवरून अर्धे उठले. भिंगारच्या एलियाच्या घरी आहे ते पुस्तक, असं ते म्हणाले. एलिया लष्कराच्या वाचनालयात पुस्तकं बांधायचा. फाटकी पुस्तकं रद्दीत निघाली तेव्हा त्यानं हे मागून घरी नेलं आणि नव्यानं बांधलं. शेवटच्या आजारपणात ते त्याच्या उशाशीच असायचं, कारण हे हवालदार त्याला भेटायला जायचे आणि तो त्यांना त्यातलं मराठी करून सांगायचा. नाल्याचं पान त्यांनी दोनदा ऐकलं होतं. पहाटे उचललं, गडी जिवंत होता, दवाखान्यात वारला. नाल्यात नाही.

एलिया गेल्या वर्षी वारला होता, पण घर होतं आणि घरात त्याची बायको मार्थाबाई होती. आमच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही भिंगारला गेलो. सत्यशीलाचा चेहरा असा उजळला होता, की मी रिक्षाचं भाडंही तिला देऊ दिलं नाही.

मार्थाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पुस्तक आहे की, म्हणाल्या. तुझ्या वडलांच्या कामी येत असेल तर घेऊन जा, मला काय करायचंय त्याचं. त्यांनी कपाटातून काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेलं, लाल कडांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि पदरानं पुसून सत्यशीलाच्या हातात दिलं. तिनं ते उघडलं. आत मराठी होतं. पहिल्या पानावर एलियाची सही आणि त्यांच्या लग्नाची तारीख होती.

ते त्याचं बायबल होतं.

एलियानं दोन्ही पुस्तकं एकाच ताग्यातल्या रेक्झिनमध्ये बांधली होती आणि पाठीवर काहीच छापलं नव्हतं. आपली पुस्तकं आपल्याला कळतात, असं म्हणायचा म्हणे. त्यांच्यात माणसाला पुरताना त्याचं रोजचं बायबल छातीवर ठेवून वर हात जुळवतात. त्या दिवशी पेटी अंगणात आलेली, चर्चचे पाळकसाहेब खोळंबलेले, घर रडत होतं. मार्थाबाईंनी उशाशी असलेलं काळं पुस्तक उचललं आणि स्वतःच्या हातानं त्याच्या छातीवर ठेवलं. कपाटातल्या पुस्तकावरची धूळ त्या वर्षभर पुसत होत्या. उघडलं कधीच नाही, कारण वाचायला त्यांचं स्वतःचं बायबल होतं.

त्या खाली बसल्या. मी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं. म्हणाल्या, "म्हणजे माझा माणूस लढाईचं पुस्तक छातीवर घेऊन झोपलाय."

मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, परवानगी काढून थडगं उघडता येतं. सत्यशीलानं माझा दंड असा धरला की नखं रुतली. मला बाहेर उभं राहायला सांगून ती त्यांच्या पायाशी बसली. मी दारातच थांबलो. बारा गावचं पाणी प्यायलेला मी, पण त्या बाईकडं बघण्याचं धाडस होईना.

मग सत्यशीलानं चाचरत विचारलं, की हेच पुस्तक दोन दिवस नेलं तर चालेल का? दादांना आता अक्षर दिसत नाही. हवालदारांनी सांगितलेलं ती यातून वाचल्यासारखं सांगेल. विचारतानाच तिला रडू आलं. दुसऱ्याच्या धर्माचं पुस्तक असं मागायची तिला लाज वाटत होती.

मार्थाबाईंनी पुस्तक पुन्हा पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, "ने. पण त्या लढाईच्या पुस्तकात जे खरंच लिहिलं होतं तेवढंच वाच. त्याच्यापुढं एक शब्द नको."

चारीला पाणी सुटायच्या आदल्या दिवशी, दुपारी, तिनं वाचलं. मी मुद्दाम गेलो होतो. सहादूदादांनी आधी पुस्तक हातात घेतलं, वजन पाहिलं, कडांवरून अंगठा फिरवला. वास घेतला. मग मान हलवून परत दिलं. सत्यशीलानं मधलंच एक पान उघडलं आणि इंग्रजी वाचून मराठी केल्यासारखं, थांबत थांबत सांगितलं. दुसऱ्या पहाटे राधाकृष्णला नाल्याच्या काठावरून उचललं. तो जिवंत होता. दवाखान्यात त्यानं प्राण सोडला.

म्हाताऱ्याच्या तोंडाची शीर न् शीर सैल पडली. इतक्या वर्षांचा तो माणूस माझ्यासमोर हलका होत होता. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज नाही.

"आन् माझं काय लिव्हलंय?" त्यांनी विचारलं.

ती थांबली. मी मनात म्हणत होतो, मिट पुस्तक, बाई, मिट. पण लेक होती ती. बापाला नुसतं शांत नाही, निर्दोष बघायचं होतं तिला.

"लिव्हलंय की, दादा," ती म्हणाली. "सहादूला साहेबानं हुकूम देऊन मागं धाडलं. त्याचा काई दोष न्हाई."

सहादूदादांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. गेल्या दोन वर्षांत त्यांची नजर इतकी साफ मी पाहिली नव्हती.

"कोनी धाडलं न्हाई," ते म्हणाले. "मी पळालो. त्यो हाका मारत हुता." मग त्यांनी पुस्तक हातानं बाजूला सारलं. "खोटं लिव्हलंय ह्यात. मंग ते बी खोटंच आसंल."

ती रडली, हात जोडले, पहिलं खरं आहे म्हणून शपथा घेतल्या. दुसरं मी माझ्या पदरचं घातलं, असंही सांगितलं. पण तोवर त्यांची नजर पुन्हा विझली होती. खरं होतं तेवढंही तिच्या मायेनं वाया गेलं. मला तिचा राग आला, आणि तिच्या जागी मीही तेच केलं असतं म्हणून जास्त आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हवालदारांना घेऊन तिच्या घरी गेलो. ते तोंडानं सांगतील, बघू, एवढाच विचार होता. घर उघडं होतं. एलियाचं बायबल स्वच्छ फडक्यात गुंडाळून तसबिरीखाली ठेवलेलं होतं. परसातून पाण्याचा आवाज येत होता.

चारी भरून वाहत होती. सहादूदादा काठावर काठी टेकत पुढं चालले होते, आणि त्यांच्या खालच्या अंगाला, पाण्यात मांड्यांपर्यंत उतरलेली सत्यशीला एका हातानं त्यांचा सदरा धरून चालत होती. पूर्वी ती त्यांना ओरडून घरी आणायची. आता ओरडत नव्हती. दर दोन पावलांना थांबून ती गवत बाजूला करत होती आणि हाक मारत होती, "राधाकृष्णकाका, हात द्या."