गळकं मडकं

टिचकीमामांचं मडकं गळलं, असं आजवर कुणी ऐकलेलं नाही. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक मडक्याला ते टिचकी मारायचे, कान लावायचे आणि खणखणीत वाजलं तरच दुकानात मांडायचे. त्यावरूनच हे नाव पडलं आणि आता त्यांचं खरं नाव सांगायला मामींनाही क्षणभर थांबावं लागतं. अशा माणसावर मुद्दाम गळकं मडकं घडवायची वेळ यावी, याला काय म्हणावं!

ही वेळ आणली त्यांच्या थोरल्या बहिणीने. ताई राहायची डोंगरावरच्या वस्तीत. तिथे गाडी जात नाही, पायवाटेने चढताना धडधाकट माणूसही तीनदा बसतो. पाणी झऱ्याचं आणि त्याच झऱ्यात वरच्या अंगाला गुरं डुंबतात. रोजचं पाणी उकळावं तर सरपणाची मारामार, बाटल्या विकत आणाव्यात तर एवढं ओझं वर वाहणार कोण? वर्षात दोनदा ताईने पोटाच्या दुखण्याने अंथरूण धरलं. दुसऱ्या खेपेला तिच्या मुलाने निक्षून सांगितलं, की आता बास, पुढच्या महिन्यात येतो आणि तुला माझ्याकडे घेऊन जातो. म्हणजे शहरात, चौथ्या मजल्यावर. शेळ्या विकायच्या, घराला कुलूप लावायचं. पाण्याने नाही मेले तर तिथे कंटाळ्याने मरेन, असं ताई म्हणाली आणि तिने भावाला निरोप धाडला. जन्मभर मडकी बडवतोस ना? मग आता बहिणीसाठी काहीतरी कर.

उपाय नर्सबाईंना ठाऊक होता. वस्तीवर औषधं घेऊन त्याच जायच्या. मातीत बारीक चाळलेला लाकडाचा भुसा कालवायचा, घमेल्यात थापून खोलगट भांडं करायचं आणि भाजायचं. भट्टीत भुसा जळून जातो, मातीत डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात. त्यातून पाणी झिरपतं, गाळ आणि जंतू मागे अडकतात. वरून जंतू मारणाऱ्या चांदीच्या पाण्याचा हात फिरवायचा, ते नर्सबाई आणून देणार होत्या. मग भांडं तोटीच्या बादलीत बसवलं की झालं. वीज नको, सरपण नको. बादली पाठीला बांधून कुठेही न्या.

हा तर पोरखेळ, म्हणत मामा कामाला लागले. पहिलं भांडं भाजून झालं. पाणी ओतून मामा समोर मांडी घालून बसले. चहा निवला, जेवणाची वेळ टळली. थेंब म्हणून पडला नाही! मामांनी भुशाला दोष दिला, चाळणीला दिला, शेवटी नर्सबाईंनाही सोडलं नाही. मामी मात्र तोंडावर हात ठेवून हसत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. भांडं थापून झाल्यावर मामांनी सवयीने खिशातला गुळगुळीत गोटा काढला होता आणि आतबाहेर असं घोटलं होतं, की भुशाची भोकं बुजून गेली.

पुढच्या खेपेला मामींनी तो गोटा डाळीच्या डब्यात लपवला. मामांनी शपथ घेतली, पण अंगठा कुठे शपथ पाळतो? बोलता बोलता तो ओल्या मातीवरून फिरतच राहिला. या भांड्यातून पाणी आलं, पण पेलाभर पाण्यासाठी दिवस मावळायची वाट पाहायची! मामा हिरमुसले. महिना सरत आला होता आणि भाच्याचा येण्याचा निरोपही येऊन थडकला होता. आपल्या हातकौशल्यापायी ताईचं घर सुटणार, या विचाराने त्यांना घास गिळवेना.

तेव्हा मामी म्हणाल्या, की या घरात गळकी मडकी करणारं एकच माणूस होऊन गेलंय.

मामांना कळायचं ते कळलं. लहानपणी वडिलांनी ताईलाही मडकी घडवायला बसवलं होतं. तिचं एकही धड उतरलं नाही, सगळी गळकी. वडिलांनी तिला कामावरून उठवलं आणि मामांनी तिला गळकी म्हणायला सुरुवात केली, ते थेट तिच्या लग्नात, सासरच्या माणसांसमोरसुद्धा. ती हसली होती, पण त्या दिवशी जेवली नव्हती.

ताईला बोलावणं गेलं. ती झऱ्याच्या पाण्याचा डबा घेऊनच उतरली.

"ताई, गळकं मडकं हवंय," मामा खाली बघत म्हणाले. "मला जमत नाही. तू कर."

"पुन्हा म्हण."

"मला जमत नाही."

ताईने बाह्या सरसावल्या. ती माती थापायला बसली, पूर्वीसारखीच बोटांचे ठसे उमटवत, खडबडीत. भांड्याची जाडी सारखी राहतेय ना, तेवढं मामा बघत होते, तेही दोन्ही हात पाठीमागे धरून. मध्येच एक हात पुढे आला, तो मामींनी चापट मारून परत पाठवला.

भाजलेल्या भांड्याला मामांनी टिचकी मारली. खणखणीत वाजलं. कुठे तडा नव्हता. नर्सबाईंनी चांदीचं पाणी लावलं, ते वाळल्यावर झऱ्याचं पाणी ओतलं. खाली ठिबकायला लागलं, अगदी हवं तसं, ना भसाभस ना रडतखडत. नर्सबाईंकडे तपासणीच्या छोट्या बाटल्या होत्या. खराब पाणी असलं की त्या काळ्या पडतात. एकीत झऱ्याचं पाणी भरलं, दुसरीत झिरपलेलं. पहिली डांबरासारखी काळी झाली. दुसरी होती तशीच राहिली.

मामांनी बादली स्वतःच्या पाठीला बांधून वर नेली. ताईचा मुलगा आला, तो ट्रंक बांधायला दोरी घेऊनच. घामाघूम होऊन टेकला, तर ताईने त्याच्यासमोर दोन्ही बाटल्या ठेवल्या आणि तोटी सोडून पेला भरून दिला. त्याने बाटल्या उजेडात धरून पाहिल्या, पाणी प्यायला, दुसरा पेला मागितला. मग उठला आणि त्या दोरीने शेळ्यांच्या गोठ्याचं लोंबकळणारं दार बांधून आला.

"राहा," तो म्हणाला. "पण पाणी यातलंच प्यायचं."

ताई भावाकडे वळली. "काय रे, मला काय म्हणायचास?"

"गळकी."

"आणि आता?"

"आताही तेच," मामा म्हणाले आणि भरल्या डोळ्यांनी त्यांनी आपला पेला तोटीखाली धरला.