ताटावरचा हात

पंगतीत कोणी एखाद्या बाईच्या ताटाकडे बघून बोललं, की काकी हातातली पळी ठेवून त्या ताटावर आपला हात आडवा धरायची. "दुसऱ्याच्या ताटात डोकवायचं नाय!" आमच्या वाडीतल्या कार्यांचा स्वयंपाक तीच करायची, त्यामुळे ऐकावंच लागे. नाहीतर पुढच्या वेळी आमटी पातळ.

मी डोकावलो होतो. तेही वही-पेन्सिल घेऊन.

माझी मुलगी दहा वर्षांची असताना तिला टाइप वन मधुमेह निघाला. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटल्या होत्या. मोबाइलवर मी वाचलं, की जनुकं तीच राहतात, पण त्यांतलं कुठलं जागं राहणार नि कुठलं झोपणार, यावर गरोदरपणातल्या आहाराचा परिणाम होऊ शकतो. 'होऊ शकतो' एवढं मी गाळलं. बायकोला म्हणालो, "तूच काहीतरी खाल्लंस." तिच्या गरोदरपणात मी मुंबईला होतो आणि तिला डबा काकी द्यायची. म्हणून पुरावा गोळा करायला मी काकीकडे गेलो.

काकी नारळ खोवत होती.

"लिही. पेज. कुळथाचं पिठलं. मिरकरवाडा बंदरावरचा बांगडा. एकदा फणसाचं सांदण, ते मीच दिलेलं. दे मला फाशी. आता तुझं लिही."

"माझं कशाला?"

"पोर काय हवेतनं आली, मेल्या? ती पोटात राहायच्या आधी तू मुंबईत खोलीवर काय गिळत होतास?"

वडापाव, चहा, सिगारेट. पेन्सिल चालेना.

पुढे डॉक्टरही म्हणाले, गर्भ राहण्याआधीच्या बापाच्या खाण्याचाही त्यात वाटा असू शकतो. पण अमुक घासाने अमुक पोर आजारी पडली, हे कोणालाच सांगता येणार नाही. तरी बायकोची माफी मागायला मला आणखी वर्ष लागलं.

काकी गेल्या पावसाळ्यात गेली. परवा मुलीचं डोहाळजेवण झालं, स्वयंपाकाला देवरूखचा आचारी. मुलगी इन्सुलिन टोचून ताटावर बसली, तशी तिची आतेसासू म्हणाली, "गोड नको हो खाऊ. बाळाला तुझंच दुखणं लागायचं."

मी उठलो. मुलीच्या ताटावर हात आडवा धरला. "दुसऱ्याच्या ताटात डोकवायचं नाय!" आवाज मोठा निघाला. पंगत थांबली. बायको माझ्याकडे बघत राहिली.

मुलगी म्हणाली, "बाबा, हात काढा. डोस मोजून घेतलाय. मोदक गार होतोय."