पुसलेलं बरोबर उत्तर

मुलं अपूर्णांक कशी शिकतात, यावर माझ्या एम.एड.चा प्रबंध होता. त्यासाठी मी माझ्याच जुन्या शाळेत, सातवीच्या वर्गात मागे बसले होते. शेजारच्या मुलीनं उत्तर अगदी बरोबर लिहिलं, पण सर जवळ येताच घाईघाईनं पुसून टाकलं.

याच सरांनी मला सगळ्या वर्गासमोर उभं करून म्हटलं होतं, "हिच्या डोक्यात शेण भरलंय." गणित येण्याआधी त्याची भीती पाठ होते. पुढे माणूस गणित विसरतो, भीती विसरत नाही.

शिक्षकांच्या बैठकीत मी माझ्या निरीक्षणांचा अहवाल मुद्दाम त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, "सर, तुम्हीच वाचून दाखवा."

'शिक्षक जवळ आले की मुलं बरोबर उत्तरंही पुसून टाकतात,' या ओळीवर ते थांबले. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

"तू गणित कुणाकडे शिकलीस गं?" त्यांनी हळूच विचारलं. त्यांना मी आठवतही नव्हते.

"तुमच्याकडेच," मी म्हणाले. "थांबू नका, सर. पुढचं पान वाचा."