बंद माळवदावरचं ऊन

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. उभं आयुष्य वर्तमानपत्रात गेलं. दोन माणसांनी सांगितल्याशिवाय ओळ लिहायची नाही, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून मी स्वतः पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती, हे खाली वेगवेगळं ठेवलं आहे. वाचकांनी आपापलं ठरवावं.

स्थळ धारूर, तेव्हा निजामाच्या राज्यातलं. काळ पोलीस अॅक्शनच्या पंधरा-सोळा वर्षं आधीचा, हिवाळा. मी हैदराबादच्या एका मराठी साप्ताहिकाचा बातमीदार होतो. घरात तिघं – आई, मी आणि माझी दुसरी बायको कौसा. पहिली, यमुना, तापानं गेली होती. रिवाजाप्रमाणे कौसाच्या गळ्यात यमुनेचा टाक होता – रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची ओबडधोबड आकृती. गेलेल्या सवतीचा मत्सर नव्या बायकोला बाधू नये म्हणून तो घालतात.

मत्सर होता खरा, पण तो माझा होता. कौसा देखणी आणि माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आमच्याकडे बायकांना गोषा होताच. मी तो आणखी आवळला. समोरच्या घरात शाळेचा एक तरणा मास्तर नव्यानं राहायला आला होता. मिशांना पीळ देत खिडकीत उभा राहायचा. तो काय बघायचा कोण जाणे... मी मात्र त्यालाच बघत बसायचो.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कौसाच्या गळ्याला गाठ आली. लिंबाएवढी, मग पेरूएवढी. गिळताना त्रास, आडवं पडलं की धाप. गाव म्हणालं, सवतीनं गळा धरला. मी तिला परळीहून रेल्वेनं हैदराबादच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, थायरॉईडची गाठ आहे, काढावी लागेल. मग त्यांनी मला समोर बसवून एक गोष्ट समजावली, ती मी वहीत उतरून घेतली. या गाठीला लागून तांदळाच्या दाण्यासारख्या चार बारीक ग्रंथी असतात. त्या रक्तातला चुना – म्हणजे कॅल्शियम – सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला तर कॅल्शियम उतरतं, हातपाय वळतात, कधी घसा आवळून माणूस दगावतं. अंगात व्हिटॅमिन डी पुरेसं असलं तर धोका कमी.

"दूध पिलाओ," ते म्हणाले. "मछली का तेल रोज दो चम्मच. और धूप. गला, पीठ, बाहें खुली रखके रोज घंटाभर. तीन हफ्ते. फिर लाओ."

तेलाची बाटली मी परळीच्या स्टेशनवरच सोडून दिली. आई माळकरी, माशाचं तेल उंबऱ्याच्या आत येणं शक्य नव्हतं. उरलं ऊन. अंगणात दिवसभर माणसांची ये-जा. निवांत ऊन फक्त घरावरच्या सपाट माळवदावर, आणि माळवद बरोबर मास्तरच्या खिडकीसमोर.

कौसा म्हणाली, "मी जाते की वर. आडोशाला दोन बाजा उभ्या करा."

"उघड्या पाठीनं?"

"डाक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरला धारूर ठाऊक नाही."

ती हसली. "डाक्टरचं न्हाई वो, मास्तरचं दुखनं हाय तुमाला."

त्याच दिवशी मी माळवदावर जाणाऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली एकच. ती कोटाच्या आतल्या खिशात राहिली. तीन आठवडे कुणाच्या हातात दिली नाही. ऊन न मिळाल्यास काय होऊ शकतं, हे माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण गाळलं तर हकिगत खोटी होईल.

पुन्हा हैदराबादला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "जी, सब किया."

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी नर्सनं पडद्याआड कौसाला तपासलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "धूप अच्छी ली है बाई ने." मी आत गेलो. हे मी स्वतः पाहिलं: चेहरा नेहमीसारखा गोरा, पण गळा, दंड आणि पाठ ज्वारी काढायला जाणाऱ्या बायांसारखी रापलेली. गळ्याखाली टाकाच्या जागी तेवढा एक गोल पांढरा डाग.

माझ्या डोक्यात एकच नाव आलं – मास्तर.

"कुणाबरोबर जात होतीस वर?"

"ताईबरोबर."

"कोण ताई?"

"तुमची यमुना." भाजीचं नाव सांगावं तसं तिनं सांगितलं. "तुमी तहसील कचेरीत गेला की यायच्या. 'चल गं, ऊन आलंय' म्हनायच्या. दार उघडंच असायचं. मी तोंडावर पदर घेऊन पाठ करून बसायचे, त्या मास्तरच्या बाजूनं लुगडं धरून उभ्या ऱ्हायच्या."

"खोटं बोलू नकोस."

"मंग इचारता कावून?" तिनं टाक काढून माझ्या हातावर ठेवला. "ह्ये धरा. गळा कापताना चालत न्हाई म्हनं. ताईंना सांगितलंय मी."

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईचे – तिचंही हेच ऑपरेशन – हात वळले. घास घेताना जुळतात तशी बोटं जुळली आणि सुटेनात. जबडा ताठला. डॉक्टरांनी शिरेत इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत ती सावरली. मी कौसाच्या बोटांकडे बघत बसलो. डॉक्टर रोज तिच्या कानापुढं बोटानं टिचकी मारायचे. कॅल्शियम उतरलं असेल तर ओठ उडतो. आठ दिवस ओठ उडाला नाही.

"सब धूप का कमाल है," असं म्हणत त्यांनी माझी पाठ थोपटली.

परत आल्यावर तपास केला. कुलूप शाबूत. धारुरात कुलपं दुरुस्त करणारा एकच, त्यानं दुसरी किल्ली केली नव्हती. मास्तरची चौकशी शाळेत केली, तर मी कुलूप घातलं त्याच सुमारास तो वडिलांच्या आजारपणामुळे महिनाभराच्या रजेवर गावाकडे गेलेला, घर बंद, खिडकी तेवढी उघडी राहिलेली. म्हणजे तीन आठवडे मी एका रिकाम्या खिडकीवर पहारा केला होता.

आईला विचारलं, "वर कोण जात होतं?"

"कोन जानार? कुलूप तूच घातलतंस न्हवं?" मग म्हणाली, "वर दोघी बोलत्यात असं वाटायचं रोज. म्या म्हनलं, शेजारच्या माळवदावर असतील."

शेजारच्या माळवदावर वर्षभर काटेरी झुडपांची फेसाटी टाकलेली होती. तिथं कुणी बसणं शक्य नव्हतं.

कौसाकडे हा विषय मी बरेच दिवस काढला नाही. एकदा दुपारी ती भाकरी थापत होती, तेव्हा राहवलं नाही.

"यमुना... माझ्याविषयी काय म्हणायची?"

तिचा हात थांबला. तिनं खरोखर आठवून पाहिलं.

"न्हाई वो. तुमचा इषयच न्हाई निघाला."

"तीन आठवड्यांत एकदाही?"

"एकदा मीच काढला. तर म्हनल्या, ऊन चाललंय, पाठ फिरव."

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

या सगळ्याचा खुलासा माझ्याकडे आजही नाही. खरं सांगायचं तर त्या दुपारनंतर मी तो शोधलाही नाही. यमुनेशी मी सहा वर्षं संसार केला होता; माझा विषय तिनं का टाळला, हे मला कुणाला विचारायची गरज नव्हती.