विश्वासची गाडी हलकी होत गेली

सहा आठवड्यांपूर्वी ऑफिसातून निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात पुण्याहून सुनीतावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. विश्वासला तिकडच्या इस्पितळात हलवून जेमतेम महिना झाला होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र इस्पितळ आलं नाही. आला तो शारजाच्या औद्योगिक भागातला वजनकाटा, आणि त्यावर उभ्या गाडीच्या स्टिअरिंगमागे ताठ बसलेला विश्वास...

दुबईतल्या करामा भागात एकाच इमारतीत आम्ही बारा वर्षं राहिलो. तो एअर कंडिशनिंगच्या कंपनीत एस्टिमेटर, स्क्रूसुद्धा मोजून आणणारा. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्याने पिकअप घेतली, तिच्या पाठीवरच्या कॅम्परसकट. कॅम्पर म्हणजे छोटी खोलीच. छत वर ढकललं की कॅनव्हासच्या भिंती उभ्या राहायच्या आणि वाळवंटात दोघांचा संसार थाटायचा. पण ती फार जड होती. पहिल्याच सफरीत मागची चाकं वाळूत रुतली आणि आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत फावडी मारत बसलो. वहिनी हसत होत्या. तो चाकं किती खोल गेली ते मोजत होता. त्यानंतर आमचे सुट्टीचे शुक्रवार गॅरेजमध्ये जाऊ लागले. पाण्याची लोखंडी टाकी जाऊन प्लॅस्टिकची आली, जाड कपाटांच्या जागी पातळ प्लाय, ओटा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा. वजन करण्याचीही त्याची रीत ठरलेली. डिझेल फुल्ल, पाण्याची टाकी रिकामी, मी खाली उतरायचं, तो आत बसून राहायचा. एकशे ऐंशी किलो उतरवल्यावर म्हणाला, खलास, आता एक खिळाही काढायचा नाही.

तरी सवयीने महिन्यातून एकदा तो काट्यावर जायचाच. पुढे केव्हातरी, काहीही न काढता, दहा किलो कमी भरले. काट्याची चूक असेल, असं आम्ही धरलं. पुढच्या महिन्यात आणखी दहा. काट्यावरच्या म्हाताऱ्या पठाणाने प्रमाणित वजनं ठेवून दाखवली. काटा बरोबर होता. विश्वासने कॅम्परमधला स्क्रूनस्क्रू तपासला. काहीच हरवलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात पावती बघून तो म्हणाला, "प्लाय सुकतंय रे. इथली हवाच अशी."

तो खूश होता. माझं लक्ष त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेलं. खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं, आणि त्याच्यापुढे आणखी एक. पठाणही त्याच्याकडेच बघत होता. "साब, गाडी नहीं," तो हळूच मला म्हणाला, "आपका दोस्त कम हो रहा है।"

हे मी विश्वासला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत दोन महिने गेले... डॉक्टरांनी पोटातली गाठ दाखवली तेव्हा, थोडं आधी यायला हवं होतं, असंही म्हणाले. मी खाली मान घालून ऐकलं. वहिनींना हे आज पहिल्यांदाच, इथे वाचून कळेल.

गेल्या आठवड्यात त्या घर आवरायला आल्या. दुपारी इमारतीमागे गाडीचं छत वर उचललेलं दिसलं म्हणून गेलो, तर त्या आत गादीवर बसल्या होत्या. मी चढलो तशी गाडी माझ्या वजनाने किंचित दबली आणि थांबली. मी त्यांच्या समोर टेकलो. मग गाडी पुन्हा एकदा दबली, मागच्या पायरीवर कुणी पाय ठेवावा तशी. बाहेर वारा नव्हता. वहिनींनी दाराकडे पाहिलंही नाही. त्या नुसत्या थोड्या आत सरकल्या आणि शेजारी जागा केली.