मामांचा खो

माझ्या बायकोच्या मामांइतका खुर्चीचा वैरी परभणी जिल्ह्यात दुसरा जन्मलेला नाही. बोरीहून परभणीला जाणारी एसटी रिकामी असली तरी ते दांडा धरून उभे राहतात. माझ्या लग्नात त्यांनी अख्खी पंगत वाढली आणि जेवलेही उभ्यानेच. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा सत्काराची खुर्ची त्यांनी मुख्याध्यापकांकडे सरकवली. म्हणाले, "बसायचं काम बघणाऱ्याचं. आमी खेळणारे."

गावाबाहेरच्या मैदानावर ते रोज संध्याकाळी पोरींना खो-खो शिकवतात. त्याच मैदानाला क्रीडा संकुल मंजूर झालं आणि मामांचं डोकं फिरलं. पहिल्या निधीतून कमान झाली, दुसऱ्यातून प्रेक्षकांची गॅलरी. मैदानाचा निधी काही आला नाही. दगडगोटे मामांनी आणि पोरींनीच वेचले. टीव्हीवर कुठल्याशा शहरातलं अवाढव्य स्टेडियम दाखवून देश आता खेळात पुढे जाणार असं कुणी सांगू लागलं, की मामा टीव्हीलाच विचारत, "अन् खेळणारे कुठं हायेत? समद्या खुर्च्याच दिसायल्यात." पोरी अनवाणी पळतात, म्हणून प्रत्येक राजकीय सभेनंतर ते वाकून मंडपाचे खिळे वेचत. डबा भरला तेव्हा तो निवेदनासोबत परभणीच्या कचेरीत नेऊन ठेवला. पोच मात्र फक्त निवेदनाची मिळाली.

यंदा पुढाऱ्यांच्या हेलिकॉप्टरसाठी मैदानाच्या मधोमध काँक्रीट टाकायचं ठरलं. मिक्सर आला, साहेब आले, आणि साहेबांचा कारकून म्हणून फायली धरून मीही आलो. मिक्सरसमोर मामा चक्क खाली बसले. फक्कीनं आखलेल्या चौकोनात, खो-खोतल्यासारखे, गुडघे मुडपून. त्यांच्या रांगेत सात पोरी, एकाआड एक तोंडं फिरवून. मला लाज वाटत होती, पण मामांची नव्हे.

"मास्तर, सरकारी कामात खो घालू नका," साहेब म्हणाले.

"घालत न्हाई साहेब, खो द्यायलोय. आता तुमी पळा."

साहेब फोन लावायला गाडीत जाऊन बसले. तासाभरानं पाहिलं, तर मामांचे पाय थरथरत होते. मी हळूच म्हणालो, "मामा, उठा आता."

"खो मिळाल्याबिगर उठत न्हाईत, जावई."

मी मागे गेलो, त्यांच्या घामानं भिजलेल्या पाठीवर हात ठेवला आणि "खो" म्हणालो. माझा खांदा धरून ते कसेबसे उठले. रिकाम्या चौकोनाकडे बोट दाखवून म्हणाले, "खो देणाऱ्यानं जागा धरायची असती. बसा."

साहेब गाडीतून बघत होते. मी फायली मातीत ठेवल्या आणि बसलो.

माझी बदली लांबच्या तालुक्याला झाली. मैदान अजून मातीचंच आहे, पण मिक्सर कधीही परत येईल. मामांचे गुडघे पार गेलेत, तरी खुर्ची नकोच. एखाद्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवून ते उभे असतात. भेटलो की माझ्या तब्येतीचं विचारत नाहीत. एवढंच विचारतात, "जावई, तुमचे गुडघे हायेत ना चांगले अजून?"